आवाहन, पूजन आणि विसर्जन

पूजेचा आरंभ आवाहनाने होतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु पार्थिव पूजेचा शेवट विसर्जनाने होतो, आणि तो शेवट पूजेच्या बाहेरचा नसून पूजेचेच एक अंग आहे, हे मात्र अलीकडे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मातीचे लिंग सकाळी घडवावे, त्यास गंध, अक्षता, बेल वाहावा, आणि पूजा आटोपताच ते निःसंकोच मनाने पाण्यास अर्पण करावे, या साध्या विधीत पूर्वजांनी एक मोठे तत्त्व ठेविले आहे. सौंदर्यास आणि पावित्र्यास टिकाऊपणाची अट नाही, हे ते तत्त्व होय. आणि जे टिकावयाचे नाही ते मागे घाण न ठेवता जावे, हा त्याचाच उत्तरार्ध होय. पूर्वार्ध सर्वांस आवडतो, उत्तरार्ध कोणी लक्षात ठेवीत नाही. आजच्या लेखात आम्हांस या उत्तरार्धाविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

उद्यानात, नदीकाठी अथवा वनाच्या कडेस काही दिवसांपुरती एखादी कलाकृती उभारावी, लोकांनी ती पाहावी, आणि मुदत संपताच ती उतरवावी, असा प्रघात हल्ली सर्वत्र पडत चालला आहे. कलावंत मंडळी त्यास मांडणशिल्प म्हणतात. मुंबईस काळा घोडा परिसरात १९९९ सालापासून जो कलामहोत्सव भरतो, त्यात अशी शिल्पे रस्त्यावरच मांडलेली असतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ही लाट उशिरा आली, पण आली ती मोठ्या थाटाने. १ ते ३ मार्च २०२४ या तीन दिवसांत चंद्रपुरास ताडोबा महोत्सव झाला. त्या निमित्ताने वनविभागाने रामबागेत ‘भारतमाता’ हा एकच शब्द भूमीवर लिहिला. आणि तो रंगाने अथवा चुन्याने नव्हे, तर रोपांनी. २६ जातींची एकंदर ६५,७२४ रोपे मांडून ही अक्षरे सिद्ध झाली, आणि त्यांची गिनीजच्या जागतिक विक्रमांत नोंद झाली.

या प्रकाराविषयी सुशिक्षितांत दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, की ज्या जिल्ह्यास विधात्याने साग, बांबू, मोह आणि वाघ दिले, तेथे माणसाने आणखी शोभा कशास मांडावी? अरण्यास अलंकार घालणे म्हणजे समुद्रास पाणी पाजणे होय. दुसरा पक्ष म्हणतो, की ज्याकडे लोकांचे चित्त वेधत नाही त्याचे रक्षणही लोक करीत नाहीत. पाठ्यपुस्तकातील वनसंवर्धनाचा धडा जो मुलगा जांभया देत वाचतो, तोच मुलगा रोपांनी लिहिलेला शब्द पाहून घरी दहा प्रश्न विचारतो. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. मांडणी सुरू असताना ती कशी दिसली, एवढ्यावरच दोघांचा वाद चालतो. मांडणी उठल्यावर त्या भूमीचे आणि त्या वस्तूंचे काय झाले, हे दोघेही विचारीत नाहीत.

वस्तुतः क्षणिक कलेचे आम्हां मराठी माणसांस नावीन्य नाही. दारापुढील रांगोळी रोज पहाटे उमटते आणि दुपारपर्यंत पावलांखाली जाते. तिच्याविषयी कोणी शोक करीत नाही. लग्नाचा मांडव, गौरीपुढील आरास, गणपतीचे मखर, ही सर्व याच जातीची. आमच्या झाडीपट्टीत तर याहून मोठे उदाहरण दर हिवाळ्यात घडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत धानाची कापणी झाली, की दिवाळीनंतर रिकाम्या बांधीत कनाती बांधून रंगमंच उभा राहतो, आणि नाटक रात्रभर चालते. त्या नाट्यव्यवसायाचे केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. पूर्वी शंकरपटाच्या निमित्ताने जमलेल्या लोकांपुढे जी कला रात्री जागवीत असे, तिच्यावर आज शेकडो कुटुंबांची चूल पेटते. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडील कित्येकांनी झाडीपट्टी हे नाव प्रथमच ऐकले. परंतु आम्हांस त्या रंगभूमीचा एक गुण सर्वांहून थोर वाटतो. पहाटे नाटक संपते, खांब उपटले जातात, कनाती बंडीत पडतात, आणि पुढील आषाढात त्याच बांधीत रोवणी होते. ज्या भूमीवर राजे, सासवा, खलनायक रात्रभर गर्जून गेले, तीच भूमी पुन्हा भात पिकविते. यास आम्ही खरे विसर्जन म्हणतो.

आता याच प्रदेशात याच्या उलट इच्छेने घडलेली एक वस्तू पाहा. चंद्रपूर शहराच्या लालपेठ भागात उघड्यावर प्रचंड एकाश्म मूर्ती आहेत. दशमुखी दुर्गा ही त्यांतील सर्वांत भव्य. लोक त्या स्थळास अपूर्ण देवालय म्हणतात. रायप्पा नावाच्या एका धनिक कोमटी गृहस्थाने मोठे देवालय बांधावयाचे योजून या मूर्ती घडवून घेतल्या, परंतु देवालय उठण्यापूर्वीच तो निवर्तला, अशी परंपरागत हकीकत आहे. मूर्तींस छत मिळाले नाही, त्या आकाशाखालीच राहिल्या. तिकडे वैनगंगेच्या काठी चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याची देवालये पाहावीत. कोरीव काम असे, की यात्रेकरू देवदर्शन विसरून भिंतींकडेच पाहत राहतो. तरी वीज पडून मुख्य देवालयाचे शिखर भंगले. यावच्चंद्रदिवाकरौ टिकावे म्हणून जे उभारले त्याची ही गत; मग तीन दिवसांच्या मांडणीस क्षणिक म्हणून हिणविण्यात काय अर्थ आहे? फरक आहे तो मुदतीचा. खरा प्रश्न, ती वस्तू आपल्या भूमीशी कशी वागते, हाच होय.

भामरागडकडील माडिया बांधव आपल्या मृतांच्या स्मरणार्थ गावाबाहेर दगड उभे करितात, हे आमच्या काही वाचकांनी पाहिले असेल. त्या दगडांवर नाव नाही, तिथी नाही, कर्त्याची पाटी नाही. गवत वाढते, पाऊस पडतो, शेवाळ चढते, आणि काही वर्षांनी तो दगड रानाचाच होऊन जातो. उघड्या भूमीवर काही उभारावयाचे असल्यास ते किती नम्रपणे उभारावे, याचा हा वस्तुपाठ आहे. आमच्या शहरांतील चौकशोभेच्या पाट्यांवर उद्घाटकांची नावे कलेपेक्षा मोठ्या अक्षरांत असतात. त्यांनी हा वस्तुपाठ एकदा अवश्य घ्यावा.

पाश्चात्य देशांत या विषयाचा पुष्कळ विचार झाला आहे, आणि ठेचाही लागल्या आहेत. अँडी गोल्ड्सवर्दी हा ब्रिटिश कलावंत पाने, काटक्या, बर्फ यांच्या रचना रानातच करितो, त्यांचे छायाचित्र घेतो, आणि त्या वाऱ्यापाण्याच्या स्वाधीन करितो. क्रिस्तो आणि झान-क्लोद या दांपत्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात १२ फेब्रुवारी २००५ पासून सोळा दिवस ७,५०३ कमानी उभ्या केल्या, आणि प्रत्येक कमानीस केशरी वस्त्र लाविले. ही कल्पना त्यांनी १९७९ साली मांडली. १९८१ साली नगराने ती नाकारिली. आणि अनुमती मिळाली ती २००३ साली. म्हणजे सोळा दिवसांच्या शोभेसाठी चोवीस वर्षे त्यांनी धीर धरिला. दरम्यान योजनेत जो मुख्य बदल झाला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. आरंभी कमानींसाठी जमिनीत खड्डे खणावयाचे होते. पुढे जड पोलादी बैठका पायवाटांवरच ठेवून कमानी उभारिल्या, आणि उद्यानाच्या मातीस खड्डा पडला नाही. खर्च कलावंतांनी आपली चित्रे विकून स्वतः केला, आणि मागाहून सामग्री पुन्हा उपयोगात जाईल अशी व्यवस्था ठेविली.

परंतु याच दांपत्याची दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. १९९१ साली त्यांनी कॅलिफोर्निया व जपान येथे मिळून ३,१०० प्रचंड छत्र्या डोंगरदऱ्यांत उभ्या केल्या. कॅलिफोर्नियात वाऱ्याने एक छत्री उखडली आणि तिच्या आघाताने एका स्त्रीचा अंत झाला. लगेच प्रदर्शन बंद करून छत्र्या उतरविण्याचे ठरले; तो उतरविताना जपानात एका कामगारास विजेच्या तारेचा धक्का बसला आणि तोही गेला. उघड्या आकाशाखाली मांडलेली वस्तू भिंतीवरच्या चित्रासारखी निरुपद्रवी नसते, तीस वारा लागतो, पाणी लागते, आग लागते, हे यावरून ध्यानी यावे. आमच्याकडे चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची देखणी वास्तू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीस आग लागून फार हानी झाली. मग पानगळीच्या दिवसांत, जेव्हा रानभर वाळला पाला पसरलेला असतो, तेव्हा कापड, कागद, विजेच्या तारा आणि दिवे यांची आरास वनाच्या कडेस करू इच्छिणाऱ्याने किती सावध असावे, हे निराळे सांगावयास नको.

आणि आग लागली नाही तरी कचरा राहतोच. ताडोबा महोत्सवापूर्वी थोडेच दिवस, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, ताडोबाच्या निमढेला भागातील एक चलच्चित्र देशभर पाहिले गेले. पाणवठ्यातून एक वाघ प्लास्टिकची बाटली तोंडात धरून निघून जात आहे, असे ते दृश्य होते. लोकांनी वाघाचे कौतुक केले. कोणी त्यास स्वच्छतेचा दूत म्हटले. आम्हांस त्यात कौतुकास जागा दिसली नाही. वाघास स्वच्छतेचे ज्ञान नाही, आणि असावे अशी अपेक्षाही नाही. ते ज्ञान बाटली टाकणाऱ्यास असावयास पाहिजे होते. अतिथी म्हणून यजमानाच्या घरी जावे, आणि उष्टे पत्रावळ त्याच्याच माजघरात टाकून निघावे, असा हा प्रकार होय. महाराष्ट्रात २०१८ साली एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली. कायदा आहे, परंतु रानातील पाणवठ्यावर शिपाई उभा नसतो. तेथे मनुष्याचा संस्कार हाच शिपाई.

आता पुन्हा त्या ६५,७२४ रोपांकडे येऊ. दगड, कापड, कागद यांहून या मांडणीचा एक विशेष आहे. तिचे साहित्य सजीव आहे. रांगोळी पुसली म्हणजे संपली. परंतु रोपांनी लिहिलेला शब्द मोडला, तरी प्रत्येक रोपास स्वतःचे आयुष्य उरते. सबब येथे विसर्जन याचा अर्थ टाकणे नसून रोवणे असाच होतो, आणि शब्दाचे यश त्या दिवशीच्या नोंदीवर नव्हे, तर त्या रोपांच्या पुढील गतीवर ठरते. आमच्यातील शिक्षक येथे स्वस्थ बसत नाही. थोडे गणित करून पाहू. दोन रोपांत तीन मीटर अंतर ठेविले, तर एका हेक्टरात सुमारे १,१११ रोपे बसतात. या हिशेबाने ६५,७२४ रोपांस सुमारे ५९ हेक्टर, म्हणजे साधारण १४६ एकर भूमी लागेल. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, म्हणजे ६२,५०० हेक्टर आहे. याचा अर्थ असा, की सर्वच्या सर्व रोपे जगली तरी त्यांचे वन त्या गाभ्याच्या एक हजारांश भागाहूनही किंचित कमी भरेल.

हा हिशेब आम्ही कोणाचा हिरमोड करण्यासाठी मांडला नाही. त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की नवे वन लिहिणे फार कठीण आणि जुने वन पुसणे फार सोपे आहे. म्हणून उभे असलेले एक मोहाचे झाड वाचविणे हे मांडलेल्या अनेक रोपांच्या तोलाचे काम होय. दुसरी ही, की १४६ एकर हे अरण्याच्या मानाने थोडे असले, तरी शहराच्या मानाने थोडे नाही. चंद्रपूर हे कोळशाच्या खाणींचे आणि २,९२० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राचे गाव. येथील वैशाखाचे ऊन सर्व देशास ठाऊक आहे. अशा गावास सावलीचे दीडशे एकर म्हणजे शोभा नव्हे, आरोग्य होय. परंतु मार्चातील रोप मृगाच्या पावसापर्यंत कोणी तरी पाणी घालून जगवावे लागते. रोविल्यावर गुरांपासून राखावे लागते. त्याच्या मुळांवरील काळी पिशवी काढून गोळा करावी लागते. आणि पुढील दोन-तीन उन्हाळे त्याची विचारपूस करावी लागते. या कामास वाद्ये लागत नाहीत, आणि त्याची विक्रमांत नोंदही होत नाही. तेच काम खरे.

आणखी एका गोष्टीचा उच्चार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ताडोबाचे वन १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य निर्माण झाले, आणि १९९५ साली दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. परंतु ताडोबा हे नाव याहून कितीतरी जुने आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला, त्याचे तलावाकाठी झाडाखाली ठाणे झाले, आणि तोच ताडोबा देव, अशी आख्यायिका आहे. म्हणजे या उद्यानाचे नावच मुळी वाघाने मारिलेल्या मनुष्याचे स्मारक आहे. आणि ही कथा जुनी झाली असे कोणी समजू नये. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. आम्ही ज्यास सहलीचे रान म्हणतो, ते त्यांच्या चुलीचे रान होते. तेव्हा या भूमीवर कोणतीही शोभा मांडावयाची असल्यास प्रथम त्या रानाच्या कडेस राहणाऱ्यांस विचारावे, हा साधा सदाचार आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावास २००९ साली आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळाला. त्या हक्काचा अर्थ केवळ बांबू तोडणे एवढाच नाही. आमच्या रानात काय मांडावे आणि काय मांडू नये, हे आम्हांस विचारा, असाही तो अर्थ आहे.

एतावता आमचे म्हणणे धर्मकृत्याच्या परिभाषेतच सांगता येईल. प्रथम संकल्प शुद्ध असावा: ही मांडणी कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती मांडू नये. मग स्थान योग्य असावे: महोत्सवास शहरातील बाग आणि गावाचे मैदान आहे; श्वापदांच्या वाटेवर दिवे आणि ध्वनिक्षेपक नेऊ नयेत, आणि जिवंत झाडास खिळा मारू नये. साहित्य त्या भूमीचेच असावे: माती, शेण, बांबू, पळसाची पाने, गवत; जे उद्या कुजेल ते आज शोभेल. आणि शेवटी विसर्जन आरंभीच ठरलेले असावे. उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेतच विसर्जनाची तिथी आणि रीत छापावी, आणि वर्षाने त्याच लोकांस बोलावून हिशेब सांगावा, की एवढी रोपे रोविली, एवढी जगली, एवढी गेली. गेलेल्यांचा आकडा सांगण्यास लाज वाटू नये. तो न सांगण्याची वाटावी.

गृहिणी आणि गृहस्थ यांनी यातले काय घ्यावे, असे कोणी विचारील, तर घेण्यासारखे पुष्कळ आहे. नाताळच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत मुलांस ताडोबास नेणारी कुटुंबे आता थोडी नाहीत. निघण्यापूर्वी पाण्यासाठी घरचे तांबे-फिरकी भरून घ्यावेत, आणि जे रानात नेले ते मोजून परत आणावे; हे मोजण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या मुलाकडे द्यावे, तो ते सर्वांत चोख करील. वाघ दिसला नाही म्हणून मुलांपुढे हळहळू नये. तलावाकाठच्या त्या ठाण्याची कथा त्यांस सांगावी, म्हणजे रान हे तमासगिरांचे नसून तेथे राहणाऱ्यांचे आहे, हे त्यांच्या मनावर ठसेल. आणि येत्या भाद्रपदात मखर मांडावयास बसाल, तेव्हा मुलांस पहिला प्रश्न हा विचारावा, की अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी यातील प्रत्येक वस्तू कोठे जाणार? ज्या वस्तूचे उत्तर मुलांस देता येणार नाही, ती वस्तू मखरात घालू नये.